पहिलीच्या वर्गाचे गुरुजी



"पहिलीचा वर्ग काय, कोणीही सांभाळील!" हे वाक्य तुम्ही शाळेच्या ओसरीवर किंवा गावच्या पारावर कधी ना कधी ऐकले असेल. वरच्या वर्गाला जाणता शिक्षक हवा, लहानग्यांना मात्र गप्प बसविणारा कोणीही चालतो, असा ह्या बोलण्याचा अर्थ. हा समज एका देशाने जाणूनबुजून मोडून काढला. तो देश म्हणजे उत्तर युरोपातील फिनलंड. त्याने हे कसे केले, ते आज पाहू.

फिनलंड आकाराने आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठा. पण लोकसंख्या अवघी ५६ लाखांच्या आसपास. जिकडे तिकडे अरण्ये, तळी आणि दूर दूर विखुरलेली गावे. १८६३ साली, देश रशियाच्या झारच्या अमलाखाली असताना, युव्हास्किला ह्या गावी फिनिश भाषेतून शिक्षक तयार करणारे पहिले अध्यापक विद्यालय निघाले. उनो सिग्नेउस नावाचे धर्मोपदेशक त्याचे प्रमुख होते. तेथे पुरुषांबरोबर स्त्रियाही शिकत, आणि पुस्तकांबरोबर हातकामही शिकविले जाई. पुढे शंभर वर्षे प्राथमिक शिक्षक बहुतेक अशाच विद्यालयांतून तयार होत. विद्यापीठाची पदवी असे ती वरच्या वर्गांच्या शिक्षकांना. म्हणजे आपल्या ओळखीचा भेद तेथेही होताच!

मुलांतही असाच भेद होता. चार वर्षे एकत्र शिकली, की अकरा वर्षांच्या सुमारास त्यांच्या वाटा फुटत. काही मुले विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जात, बाकीची मागे राहत. हे बदलण्यासाठी १९६८ साली कायदा झाला. सर्वांना नऊ वर्षे एकच शाळा! आणि अंमलबजावणी कोठून सुरू झाली म्हणाल, तर राजधानीतून नव्हे. १९७२ साली ती अगदी उत्तरेच्या, बर्फाळ आणि विरळ वस्तीच्या लॅपलँडमधून सुरू झाली आणि १९७७ पर्यंत दक्षिणेला पोहोचली.

आता एकाच वर्गात शेतकऱ्याचे मूल आणि अधिकाऱ्याचे मूल, चटकन् समजणारे आणि सावकाश समजणारे, अशी सारी शेजारी शेजारी बसू लागली. अशा वर्गाला शिकविणे सोपे का असते? तेव्हा १९७४ मध्ये प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही विद्यापीठांकडे गेले, आणि १९७९ पासून पहिली ते सहावीच्या शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली.

आज तेथे शिक्षणाची वाट कशी आहे? मूल सातव्या वर्षी शाळेत जाते. नऊ वर्षांनंतर साधारण तीन वर्षे एक तर सामान्य शिक्षण, नाही तर धंदेशिक्षण. पुढे उच्च शिक्षणाच्या संस्था दोन प्रकारच्या : एक विद्यापीठे, आणि दुसऱ्या १९९० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या, प्रत्यक्ष कामधंद्याशी जोडलेल्या उपयोजित विद्यापीठे. धंदेशिक्षण घेतलेल्यालाही ह्या दोन्हींकडे अर्ज करता येतो. देशातील विद्यार्थ्यांना पदवीसाठी शिकवणी-शुल्क पडत नाही.

ज्याला लहान मुलांचा शिक्षक व्हायचे आहे, तो विद्यापीठात सुमारे पाच वर्षे शिकतो. निवड कसून होते. पाच वर्षांत तो शिक्षणशास्त्र शिकतो, शाळेचे सारे विषय कसे शिकवायचे ते शिकतो आणि स्वतः संशोधन करून प्रबंध लिहितो. प्रबंध कशाला, असे कोणी विचारील. तर एखादे मूल का अडते, ह्याचा शोध पुराव्यानिशी घेण्याची सवय लागावी म्हणून. वरच्या वर्गांचे शिक्षक आपापल्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतात आणि वर्षभराचे शिक्षणशास्त्र त्याला जोडतात.

शिवाय विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा असतात. तेथे छात्राध्यापक शिकवतो, अनुभवी शिक्षक मागे बसून पाहतो आणि मग दोघे त्या पाठावर बोलतात. आर्क्टिक वृत्तालगतच्या रोव्हानिएमीलाही विद्यापीठ आहे, आणि तेथेही शिक्षक तयार होतात. आडगावच्या मुलाला शहरातल्या मुलाइतकाच शिकलेला शिक्षक मिळावा, हा त्यामागचा हिशेब. असा शिक्षक तयार झाल्यावर सरकारनेही त्याच्यावर विश्वास टाकला. शाळा-तपासनिसांची पद्धत १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी बंद झाली.

मात्र पदवी म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडला २००६ साली गणितात ५४८ गुण होते. २०२२ साली ते ४८४ वर आले. कारणांविषयी तेथे वाद चालू आहेत. चांगला शिक्षक हा पाया. पण पाया घातला म्हणजे घर बांधून झाले, असे नाही.

आपल्याकडे बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घेऊन प्राथमिक शिक्षक होण्याची वाट आहे. ती लांबवावी की नाही, हे तुमच्या-माझ्या हाती नाही. पण शिक्षक बंधुभगिनींनो, एक गोष्ट आपल्या हाती आहे. तुमच्या शाळेत छात्राध्यापक सराव पाठाला येतात. त्यांच्या वहीवर नुसती सही करून चहाला जाऊ नका. वर्गात मागे बसा. कोणते मूल गोंधळले, ते टिपून ठेवा. पाठ संपल्यावर दहा मिनिटे त्यांच्याशी बोला. त्याला पैसा लागत नाही, परवानगीही लागत नाही.

आणि गावकरी मंडळींनो, पुढच्या पालकसभेत एवढेच विचारा : पहिलीला कोण शिकवतात? त्या वर्गाला शाळेतले सर्वांत जाणते गुरुजी किंवा बाई मिळाव्यात, असा आग्रह धरा. कारण पहिलीत जे मूल वाचायला शिकले नाही, त्याला पुढचा प्रत्येक वर्ग अवघडच जातो.