आडवे शब्द, उभे शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून मोठा विषय न घेता रोज हाताशी असणारा विषय घेते, तो म्हणजे शब्दकोडे. दुपारची आवराआवर झाली की वर्तमानपत्र आणि पेन्सिल घेऊन बसावे, हा माझा परिपाठ. “यातून मिळते काय?” असे घरचे विचारतात. त्याचे उत्तर आज देते.

हे कोडे अमेरिकेतून आले. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. त्याचा आकार आपल्या शंकरपाळ्यासारखा होता. त्याच कचेरीत मार्गारेट पेदरब्रिज नावाची तरुणी चिटणिसाचे काम करीत असे. कोडी तपासण्याचे काम तिच्याकडे आले. स्वतः सोडवू लागल्यावर तिला त्यांतल्या चुका दिसल्या, आणि तिने नियम बसवले. १९२४ साली तिने दोन सहकाऱ्यांबरोबर कोड्यांचे पहिले पुस्तक काढले. पुस्तकाबरोबर पेन्सिलही दिलेली होती! लग्नानंतर ती मार्गारेट फरार झाली. तीन मुले वाढवली आणि १९४२ ते १९६९ पर्यंत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची कोडी सांभाळली.

आपल्या मराठी कोड्याची रीत मात्र वेगळी. इंग्रजीत एका घरात एक अक्षर. आपल्याकडे काना-मात्रेसह सबंध अक्षर एका घरात बसते. ‘पाटा’ आडवा लिहिला आणि ‘वरवंटा’ उभा, तर दोघांचा ‘टा’ एकाच घरात येतो. तिथे नुसता ‘ट’ चालत नाही. म्हणून कोडे सोडवताना शुद्धलेखन आपोआप सुधारते. आपल्या भिवंडीतल्या बायकांना हे सांगायला नको. उभे सूत आणि आडवे सूत नीट जुळले, तरच कापड होते.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे एके काळी कोड्यांना बक्षिसे लागली आणि त्यांचा जुगार झाला. माझ्या आजेसासूबाई सांगत असत की शेजारच्या घरी पगार झाला की कोड्यांसाठी मनीऑर्डर जाई. बक्षीस कधी आले नाही; बायकोच्या पाटल्या मात्र गेल्या.

यात फसगत कशी, ते पाहा. समजा, सूचना आहे, ‘सुनेने जपावे ते’. घरे दोन. ‘मान’ की ‘मन’? दोन्ही बसतात. बक्षीस मात्र ज्याचे उत्तर संपादकाने आधीच ठरवलेल्या उत्तराशी जुळेल त्यालाच. यात हुशारी कसली? ते नशीबच! बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातल्या कोड्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने निकाल दिला की अशी स्पर्धा जुगारच आहे, तिला धंद्याचे संरक्षण नाही. त्याआधी १९५५ सालीच संसदेने कायदा केला होता. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांची कोडी त्याने बंद केली आणि त्याखालच्यांना परवाना लावला.

मैत्रिणींनो, ही गोष्ट जुनी म्हणून सोडू नका. पुढे मोबाइलवरही पैसे लावून खेळायचे खेळ आले आणि २०२५ साली संसदेला त्यांच्यावर बंदीचा कायदा करावा लागला. मुलगा किंवा मालक “हा तर डोक्याचा खेळ” म्हणाले, तर एकच विचारा : खेळायला आधी पैसे भरावे लागतात का? भरावे लागत असतील, तर घरातली पाटली सांभाळा.

बिनपैशाच्या कोड्याने मात्र मला पुष्कळ दिले. शाळा सुटली तरी शब्द सुटले नाहीत. नवा शब्द अडला की मी मुलीला विचारते, जुना अडला की ती मला विचारते. ओखद म्हणजे औषध, हे तिला माझ्याकडून कळले.

म्हणून माझी सूचना अशी की मंडळाच्या फळ्यावर दर महिन्याला एक कोडे आपणच लिहावे. शब्द आपल्या स्वयंपाकघरातले, सणांचे, मागावरचे. फी नाही, बक्षीस नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शब्द सांगावा, दुसरीने लिहावा. अक्षरओळख त्यातूनच होईल.

पहिले कोडे मी तयार करून आणले आहे. चहा झाल्यावर फळ्याजवळ या.