बोधचिन्हाची स्पर्धा आणि श्रमाचा दाम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



विषयाचे नाव ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते मी पाहिले. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे सारे सोडून बोधचिन्हाची चर्चा कशाला, असा त्या स्मिताचा अर्थ असावा. परंतु येत्या बैठकीपुढे एक ठराव आहे. आपल्या कामगार पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नवे बोधचिन्ह निवडण्यासाठी खुली स्पर्धा घ्यावी, असा तो ठराव आहे. पहिले बक्षीस पाच हजार रुपये, परीक्षकांचा निर्णय अंतिम, आणि सातव्या कलमात असे की, आलेल्या सर्व प्रवेशिकांवर संस्थेचा हक्क राहील. 'सर्व' या शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. म्हणजे ज्यांना आपण छदामही देणार नाही, त्यांच्या कामाचेही मालक आपणच. हा मसुदा एखाद्या कारखानदाराच्या कचेरीतून आला असता, तर आपण त्याच्या दारावर मोर्चा नेला असता.

मसुदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. त्यांनी तो आजच्या वहिवाटीतून उचलला. असंख्य लोकांच्या समूहाकडून खुल्या आवाहनाने काम करवून घेण्याच्या या पद्धतीला जेफ हाऊ या अमेरिकन पत्रकाराने २००६ साली 'क्राउडसोर्सिंग' हे नाव दिले. २००८ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात '९९डिझाइन्स' नावाची कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी शिकागोत 'क्राउडस्प्रिंग' निघाली. व्यवहार सोपा असतो. गिऱ्हाइकाने रक्कम जाहीर करावी, देशोदेशीच्या आरेखकांनी तयार चिन्हे पाठवावीत, त्यातले एक निवडले जावे, त्या एकाला पैसे मिळावेत, आणि मध्यस्थ कंपनीने आपला वाटा काढून घ्यावा. बाकीच्यांनी पुढच्या स्पर्धेकडे वळावे. गिऱ्हाइकाला धोका नाही, मध्यस्थाला धोका नाही. सारा धोका राबणाऱ्याच्या डोक्यावर.

नाक्यावर सकाळी उभा राहणारा मजूर आपल्याला ठाऊक आहे. मुकादम येतो, चौघांना नेतो, उरलेले रिकाम्या हाताने घरी जातात. हे दुःखद आहेच. पण त्या उरलेल्यांकडून दिवसभर माती उपसून घेऊन संध्याकाळी 'तुमचा खड्डा पसंत पडला नाही' असे कोणी म्हणत नाही. बोधचिन्हाच्या स्पर्धेत नेमके तेच म्हटले जाते. याहून जवळचे उदाहरण विडी कामगारांचे आहे. वळलेल्या विड्यांतून कारखानदार 'छाट' काढतो. छाटीची मजुरी कापली जाते, आणि कित्येकदा ती विडी बाईला परतही मिळत नाही. या छाटीविरुद्ध विडी कामगार स्त्रियांनी किती वर्षे झगडा दिला! १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या मालाच्या आणि त्याच्या मजुरीच्या तंट्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली, ती याचमुळे. शंभरातल्या नव्याण्णव विड्या छाट ठरवणारा कारखानदार मात्र अजून पाहण्यात आला नव्हता. बोधचिन्हांच्या बाजारात तो सापडला आहे.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. खुली स्पर्धा ही लोकशाही पद्धत आहे, ज्याची ओळख नाही, वशिला नाही, त्याला ती दार उघडून देते, असे म्हटले जाते. रुपयाचे चिन्हच पाहा. केंद्र सरकारने २००९ साली खुली स्पर्धा जाहीर केली, तीन हजारांहून अधिक संकल्पना आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांच्या चिन्हाला मान्यता दिली. त्यांना अडीच लाख रुपयांचे पारितोषिक मिळाले. २०१४ साली स्वच्छ भारत मोहिमेसाठी गांधीजींच्या चष्म्याचे चिन्ह सुचवणारे अनंत खासबारदार हे आपल्या कोल्हापूरचे. त्यांना पन्नास हजार रुपये मिळाले. ते चिन्ह आज नोटांवर आहे. कोल्हापूरच्या माणसाला दिल्लीचे दार एरवी कोणी उघडले असते काय, हा प्रश्न रास्त आहे.

बंद दारांमागे काय होते, तेही जगाने पाहिले आहे. टोकियो ऑलिंपिकच्या पहिल्या चिन्हाच्या स्पर्धेत ठराविक पुरस्कार मिळवलेल्या आरेखकांनाच प्रवेश होता. जुलै २०१५ मध्ये जाहीर झालेल्या त्या चिन्हावर बेल्जियममधील एका नाट्यगृहाच्या चिन्हाची नक्कल केल्याचा आरोप झाला, आणि १ सप्टेंबरला ते मागे घ्यावे लागले. मग स्पर्धा सर्वांना खुली केली गेली. १४ हजार ५९९ प्रवेशिका आल्या. एप्रिल २०१६ मध्ये असाओ तोकोलो यांचे निळ्या चौकटींचे चिन्ह निवडले गेले. त्यांना दहा लाख येन मिळाले.

पण जिंकले कोण, हेही पाहावे लागेल. उदय कुमार हे मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात तमिळ अक्षररचनेवर पीएच.डी.चे संशोधन करत होते. खासबारदार जाहिरात-व्यवसायातले. तोकोलो वास्तुकला शिकलेले कलावंत. दार सर्वांना उघडले, आत पोचले ते वर्षानुवर्षे हात आणि डोळा घडवलेले लोक. हे स्वाभाविक आहे; त्यात वावगे काहीच नाही. मात्र मग ते घडवले कोणी? आयआयटीचे ते केंद्र १९६९ साली निघाले, अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ साली; दोन्ही जनतेच्या पैशातून. आज संगणकावर देवनागरी उमटवणारा 'मंगल' टंक ज्यांनी घडवला, ते र. कृ. जोशी याच मुंबईच्या केंद्रात शिकवत होते. समाजाने पेरायचे, विद्यार्थ्याने उमेदीची वर्षे खपायचे, आणि पीक उभे राहिल्यावर एका कणसाचा भाव देऊन सारे शेत हातात घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. टोकियोच्या चौदा हजार पाचशे अठ्ठ्याण्णव माणसांचे तास कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाहीत.

या विसंगतीचा कळस अमेरिकेत झाला. बराक ओबामा यांच्या २००८ च्या निवडणुकीसाठी उगवत्या सूर्याचे चिन्ह सोल सेंडर यांच्या शिकागोतील स्टुडिओने रीतसर व्यावसायिक काम म्हणून केले. तेच चिन्ह पुढे जगभर ओळखले गेले. २०११ साली त्याच नेत्याच्या प्रचारयंत्रणेने भित्तिपत्रकांची स्पर्धा जाहीर केली. विषय होता अमेरिकनांना रोजगार! आणि बक्षीस? अध्यक्षांची सही असलेली, चौकटीत बसवलेली त्याच भित्तिपत्रकाची प्रत. रोजगार मागणारे पत्रक बिनपगारी करून घ्यायचे, यातला विनोद अमेरिकेतल्या आरेखकांना रुचला नाही. त्यांनी जाहीर निषेध केला.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. स्वेच्छेने दिलेले श्रम आणि आमिषाने काढून घेतलेले श्रम एक नव्हेत. आपल्यापैकी कित्येकांनी रात्री जागून भिंती रंगवल्या, त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत. 'विकिपीडिया' या मुक्त ज्ञानकोशाचे चिन्हही २००३ साली स्वयंसेवकांच्या स्पर्धेतूनच आले. तेथे कोणी मालक नाही, नफा नाही. त्यामुळे तक्रारही नाही. पण तेथेही जाणकाराची उणीव जाणवल्यावाचून राहिली नाही. त्या कोड्याच्या गोळ्यावर निरनिराळ्या लिपींतली अक्षरे आहेत, त्यांत देवनागरीतले 'वि' आहे. त्याची वेलांटी चुकीच्या जागी पडली होती. ही चूक जगापुढे अनेक वर्षे तशीच राहिली. २०१० च्या सुधारित चिन्हात ती दुरुस्त झाली. आपली लिपी जाणणारा एखादा टंककार सुरुवातीलाच शेजारी बसला असता, तर पाच मिनिटांचे काम होते.

शेजारी बसणे, हाच खरा मुद्दा आहे. चिन्ह म्हणजे नुसते चित्र नव्हे. ते पासबुकाच्या रबरी शिक्क्यात एकाच रंगात उमटायला हवे, कापडी फलकावर दुरून दिसायला हवे, पावतीच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढे झाले तरी ओळखू यायला हवे. सभासद कोण, त्यांत लिहिता-वाचता न येणारे किती, जुन्या चिन्हावर त्यांचा जीव आहे काय, हे प्रश्न विचारल्याशिवाय हे जमत नाही. स्पर्धकाला प्रश्न विचारायची सोय नसते; तो अंदाजाने बाण मारतो. आपल्या निवडणूक आयोगाची चिन्हे आठवा. पंखा, शिलाई यंत्र, पतंग अशी रोजच्या वापरातली चिन्हे आयोगाच्या नोकरीतल्या एम. एस. सेठी या आरेखकाने पेन्सिलीने काढली. ते १९९२ साली निवृत्त झाले. निरक्षर मतदाराला मत देता आले, त्यात या पगारी, अप्रसिद्ध माणसाचा वाटा आहे.

व्यावसायिकाला नेमले की सारे आपोआप सुरळीत होते, असे मात्र कोणी समजू नये. २०१० साली अमेरिकेच्या गॅप या कापड कंपनीने व्यावसायिकांकडून करवून घेतलेले नवे चिन्ह लोकांच्या रोषामुळे आठवड्याच्या आतच मागे घेतले. (त्या धांदलीत 'आता तुम्हीच चिन्हे सुचवा' असेही कंपनी म्हणाली होती, ती कल्पनाही बारगळली.) आणि नेमणुकीतही शोषण असतेच. नायकेची जगप्रसिद्ध खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने केली, ती पस्तीस डॉलरांत. कंपनीने पुढे १९८३ साली तिला समभाग दिले, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला ती दानधर्माची वाटते, हक्काची नव्हे. मोठमोठ्या जाहिरात संस्था दोन रेषांबरोबर दोनशे पानांचे शब्दावडंबर विकतात, त्यांच्याविषयी तर मला मुळीच ममत्व नाही.

स्पर्धा घ्यायचीच असेल, तर तिचेही न्याय्य नियम आहेत. वास्तुशिल्पाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी युनेस्कोने १९५६ साली नियम घालून दिले आणि १९७८ साली ते सुधारले. परीक्षकांत स्वतंत्र व्यावसायिकांचे बहुमत असावे, दुसऱ्या फेरीसाठी बोलावलेल्या प्रत्येकाला मानधन मिळावे, कृतीचा स्वामित्वहक्क कर्त्याकडे राहावा, असे ते नियम सांगतात. वास्तुविशारदांनी संघटित होऊन जे मिळवले, ते विखुरलेल्या आरेखकांना अद्याप मिळालेले नाही.

म्हणून बैठकीत मी दुरुस्ती मांडणार आहे. सातवे कलम रद्द करावे. स्पर्धेऐवजी जिल्ह्यातील उपयोजित कलेचे शिक्षण घेतलेल्यांकडून केवळ आजवरच्या कामाचे नमुने मागवावेत. नवे काहीही करायला सांगू नये. ही जाहिरात सर्वांना खुली असावी, म्हणजे वशिल्याची शंका उरणार नाही. त्यांतून तिघांना बोलावून प्रत्येकी दोन हजार रुपये मानधन देऊन कच्चे आराखडे घ्यावेत, आणि ते सभासदांसमोर ठेवावेत. ज्याचे काम निवडले जाईल त्याच्याशी लेखी करार करून वेगळा मोबदला द्यावा. उरलेल्या दोघांचे आराखडे त्यांचे त्यांना परत करावेत. खर्च पाच हजारांहून बराच अधिक होईल, हे मला ठाऊक आहे. सुवर्णमहोत्सवाच्या अंदाजपत्रकात मंडप आणि ध्वनिक्षेपकासाठी पंचेचाळीस हजार धरले आहेत. मंडपवाल्यांची आपण स्पर्धा घेत नाही. त्या रकमेतून वीस हजार या कामाकडे वळवावेत, असे माझ्या दुरुस्तीत लिहिले आहे. अनुमोदक हवा आहे; ज्यांना पटले असेल त्यांनी चहाच्या सुट्टीत सही करावी.