सात पावले आणि सात वर्षे

सात पावले बरोबर चालली की दोन माणसे एकमेकांची होतात, असे आपल्याकडे परंपरेने मानले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही ही समजूत उचलून धरली. ज्या विवाहविधीत सप्तपदी असते, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. त्याच वर्षी आपल्या संसदेने दुसरा एक कायदा संमत केला, तो नागरिकत्वाचा. त्याच्या आजच्या स्वरूपात भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीस नोंदणीने नागरिकत्व मागावयाचे असेल, तर अर्जापूर्वी सात वर्षे भारतात वास्तव्य असावे लागते. समाज सात पावलांवर समाधान मानतो. शासनाला सात वर्षे लागतात. या दोन मापांमध्ये एवढे अंतर का असावे, याचा आज थोडा विचार करू.

पूर्वी हे अंतर नव्हते. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्री ही आपल्या पतीच्या राष्ट्राची प्रजा समजली जाई. परदेशी वधूला अर्ज नको, मुलाखत नको, वाट पाहणे नको. ऐकावयास हे मोठे सोयीचे वाटते. पण नाण्याची दुसरी बाजू अशी, की त्याच कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या इंग्रज स्त्रीचे स्वतःचे राष्ट्र नाहीसे होई. तिला कोणी विचारीत नसे. गोत्र बदलावे तसे राष्ट्र बदले.

अमेरिकेने १९०७ साली हाच नियम आपल्या कायद्यात लिहून घेतला. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एथेल मॅकेन्झी या बाईंनी एका ब्रिटिश प्रजाजनाशी विवाह केला. राहिल्या त्या आपल्याच गावी. पण मतदार म्हणून नाव नोंदवावयास गेल्या, तेव्हा आपण परकीय ठरलो आहोत असे त्यांना कळले. १९१५ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. परदेशी माणसाशी लग्न तुम्ही राजीखुशीने केले, तेव्हा त्याचे परिणामही राजीखुशीनेच पत्करलेत, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या प्रश्नाची झळ एका भारतीयाच्या घरालाही लागली. तारकनाथ दास हे बंगालचे क्रांतिकारक १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झाले होते. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, म्हणून तो नागरिकत्वास पात्र नाही, असा निकाल लागला, आणि अनेक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याची खटपट सुरू झाली. दासांच्या पत्नी मेरी या जन्माने अमेरिकन. १९२२ च्या सुधारलेल्या कायद्याने स्त्रियांचे नागरिकत्व बव्हंशी राखले होते. पण नागरिकत्वास अपात्र अशा पुरुषाशी लग्न करणारीला ते संरक्षण नव्हते. मेरीबाई आपल्याच देशात परक्या ठरल्या. १९२६ साली 'द नेशन' या साप्ताहिकात त्यांनी देश नसलेल्या स्त्रीची ही कैफियत मांडली. ते कलम १९३१ साली रद्द झाले.

हळूहळू जगाला उमजले, की पत्नी म्हणजे पतीच्या सामानाबरोबर जाणारी वस्तू नव्हे. ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने जुना नियम सोडला. १९५७ साली संयुक्त राष्ट्रांनी विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयी करार केला. विवाहाने किंवा घटस्फोटाने पत्नीचे राष्ट्रीयत्व आपोआप बदलणार नाही, हे त्याचे पहिले तत्त्व. तिने मागणी केल्यास पतीचे राष्ट्रीयत्व तिला सवलतीने मिळावे, हे दुसरे. यातला 'मागणी' हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्जाचा जन्म येथे झाला. आज ज्या कागदपत्रांना आपण कंटाळतो, ती एका अर्थी स्त्रीच्या स्वतंत्र अस्तित्वाची पावती आहे. जिला कोणी विचारीत नव्हते, तिला आता विचारले जाते.

मात्र विचारणारे फार बारकाईने विचारतात. लग्न खरे, की केवळ परवान्यासाठी केलेले? एकत्र घराचा भाडेकरार, दोघांच्या नावाचे बँकेतील खाते, पत्रव्यवहार, छायाचित्रे, सारे पुढे ठेवावे लागते. आपल्याकडील ठरवून केलेल्या लग्नात पुष्कळदा आधी ओळख होते ती कुंडल्यांची, मग माणसांची. हे परक्या अधिकाऱ्याच्या गळी उतरविणे सोपे नसते. शिवाय पैशाचा प्रश्न आहे. जोडीदाराला आणू इच्छिणाऱ्याची वार्षिक मिळकत निदान १८,६०० पौंड असावी, अशी अट ब्रिटनने २०१२ साली घातली; २०२४ च्या एप्रिलमध्ये ती २९,००० पौंडांवर नेली.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत नागरिकाच्या जोडीदाराला कायम वास्तव्याचा हक्क मिळते वेळी लग्नास दोन वर्षे झाली नसतील, तर तो हक्क दोन वर्षांपुरता सशर्त असतो. १९८६ च्या कायद्याने ही पद्धत आली. मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी मिळून अर्ज करावयाचा, तेव्हा अट निघते. जेथे संसार सुखाचा आहे, तेथे ही एक सही आहे. जेथे तो सुखाचा नाही, तेथे मात्र तीच सही एकाच्या हातातील चाबूक होते. छळ सोसणारी मुलगी मुकाट राहते, कारण तोंड उघडले तर देश सोडावा लागेल असे तिला सांगितलेले असते. ते सांगणे खोटे असते. छळ झालेल्या जोडीदारास दुसऱ्याच्या सहीवाचून अर्ज करण्याची वाट १९९० आणि १९९४ च्या कायद्यांनी तेथे मोकळी केली आहे. परदेशी निघालेल्या प्रत्येक लेकीला दागिन्यांआधी ही माहिती द्यावी, असे मला वाटते.

समतेच्या नावाने काय होऊ शकते, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला पत्नी आणणे सोपे होते. स्त्रीला पती आणणे कठीण. तीन स्त्रियांनी दाद मागितली, आणि १९८५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव अन्याय्य ठरविला. सरकारने भेद मिटविला खरा, पण पुरुषांवरही तीच बंधने घालून! समता आली, ती वर उचलून नव्हे, खाली ओढून.

आपल्या घरातही पाहिले पाहिजे. आपल्या १९५५ च्या कायद्यात नोंदणीची ही सवलत भारतीयांच्या पत्नींनाच होती, पतींना नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने 'स्त्री'च्या जागी 'व्यक्ती' आली आणि परदेशी जावयालाही दार उघडले. आज लग्नाची नोंद होऊन दोन वर्षे सलग संसार झाला असेल, तर परदेशी जोडीदारास 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणून नोंद मागता येते. पाकिस्तान व बांगलादेश यांच्या नागरिकांना ती मिळत नाही. या नोंदीने आजीवन येण्याजाण्याची आणि राहण्याची मुभा लाभते. पण नावात नागरिक असला तरी तो नागरिक नव्हे. त्याला मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. विवाह न्यायालयातून मोडला, तर ही नोंद रद्द होऊ शकते. वीस वर्षे येथे राहून, येथली भाषा बोलून, मुले वाढवून झालेल्या माणसाचे येथले स्थान अशा वेळी काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावयास हवा.

शासनाने चौकशी करू नये, असे कोणी म्हणणार नाही. खोटी लग्ने होतात, आणि देशाच्या उंबरठ्यावर राखण हवीच. मागणे एवढेच, की चौकशी लग्नाच्या खरेपणाची असावी, ती माणसाच्या ऐपतीची किंवा वर्णाची होऊ नये. आणि ज्याला एकदा घरात घेतले, त्याचे पाऊल कायम दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहू नये. सप्तपदीत दोघे आपापल्या पायांनी चालतात. राहण्याचा हक्कही शेवटी ज्याचा त्याला आपल्या पायांवर उभे राहू देणारा असावा.