कवळाण्याचा गोपाळ आणि आपली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे सारे आयुष्य चुलीपुढे आणि मोसंबीच्या बागेत गेले. वाचनाची गोडी मात्र आहे. म्हणून पुस्तकातले थोडे आणि घरातले थोडे, असे मिळून आज आपल्यापुढे ठेवणार आहे. गोड मानून घ्यावे.

मागच्या सुट्टीत माझा दहा वर्षांचा नातू पुण्याहून आला होता. गळ्याला टॉवेलची गाठ मारायची, ओट्यावर चढायचे आणि अंगणात उडी घ्यायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. अमेरिकेतल्या चित्रकथांत १९६२ साली जन्मलेला तो कोळीमानव आपल्या मुलांना आता घरच्यासारखा झाला आहे. त्या पोराला एक कोळी चावतो आणि त्याच्या अंगी अचाट बळ येते. एक दिवस नातू मला विचारतो, "आजी, मला कोळी चावला तर माझ्यात पण ताकद येईल ना?" मी म्हटले, "बाळा, आपल्या गोठ्यातला कोळी चावला तर नुसती खाज येईल. ताकद यायला सकाळी उठावे लागते." त्यावर स्वारी पांघरूण ओढून झोपी गेली.

आपण सगळ्याजणी हसलात. पण भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुलाच्या हातून काही मोठे व्हावे असे प्रत्येक आईला वाटते. त्यासाठी त्याला घडवावे लागते, आणि घडवून घेणे मुलाला नको असते. मग त्याला किती रेटावे, आणि कोठे थांबावे?

याचे एक खरेखुरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलेले आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तेथे १८६३ सालच्या मार्च महिन्यात काशीराव गायकवाड आणि उमाबाई या शेतकरी जोडप्याच्या पोटी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळ. गायकवाडांच्या राजघराण्याशी दूरचे नाते होते खरे, पण घर शेतावर चालणारे. बारा वर्षांचा होईपर्यंत गोपाळला अक्षरओळख जवळजवळ नव्हती.

१८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने बडोद्याचे राजे मल्हारराव यांना गादीवरून दूर केले. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव १८७० सालीच वारले होते. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याची मुले बडोद्यास नेण्यात आली. "येथे कशासाठी आलात?" असे विचारता गोपाळने "राज्य करायला" असे धीट उत्तर दिले, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

आपण येथेच टाळी वाजवतो आणि गोष्ट संपली असे समजतो. म्हणतो, त्याच्या नशिबी राजयोग होता! पण खरी गोष्ट येथून सुरू होते. दत्तकविधानाने त्याला गादी मिळाली, अक्कल मिळाली नाही. काल रानात हुंदडणारे पोर आज महालात आले, आणि ज्या वयात इतर मुले धडे घडाघडा वाचतात त्या वयात त्याला मुळाक्षरे गिरवावी लागली. एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्याचे शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम, शिवाय गणित, इतिहास, घोड्यावर बसणे आणि तालीम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा क्रम. तो पहिल्यापासून अभ्यासात चमकला असेही नाही. बारा वर्षांच्या मुलाला हे आवडले असेल, असे आपल्यापैकी एकीला तरी वाटते का? राज्य करायला येतो म्हणणे सोपे, रोज पाटीपुढे बसणे अवघड.

तरी हे शिक्षण फळले. त्याची कारणे मला तीन दिसतात. पहिले असे, की त्याला एकटे टाकले नाही. धाकटा भाऊ संपतराव आणि चुलतभाऊ दादासाहेब त्याच्याबरोबर शिकत होते, आणि जमनाबाई राजवाड्यात होत्या. दुसरे असे, की वय मोठे म्हणून वरचे पुस्तक हाती दिले नाही. आरंभापासून आरंभ केला. तिसरे असे, की हे सारे कशासाठी हे त्याला सांगितले. दिवाण सर टी. माधवराव यांनी राजाने प्रजेशी कसे वागावे, राज्याचा पैसा आणि स्वतःचा पैसा यांत कसे अंतर ठेवावे, यांवर त्याला व्याख्याने दिली. ती पुढे पुस्तकरूपानेही निघाली. २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठराव्या वर्षी, त्याच्या हाती राज्यकारभार आला. म्हणजे सहा वर्षे हा अभ्यास चालला.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. सयाजीरावांना पुढे झोप लागेनाशी झाली. मज्जातंतूंच्या दुखण्याने त्यांना घेरले. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते १८८७ साली प्रथम युरोपात गेले, आणि पुढेही प्रकृतीसाठी त्यांना वारंवार परदेशी जावे लागले. याचे कारण केवळ लहानपणचा अभ्यास असे मी म्हणणार नाही. राज्याचा भार होता, आणि पहिली पत्नी चिमणाबाई १८८५ साली क्षयाने गेल्या होत्या. पण कोवळ्या वयात मुलावर किती ओझे घालावे, हा विचार ते वाचून माझ्या मनात आल्याखेरीज राहिला नाही.

भगिनींनो, मोसंबीला ताण कसा देतात हे पाचोडच्या बायकांना मी काय सांगावे! आंबे बहार धरायचा तर थंडीत पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, काही गळतात, झाड बिचारे केविलवाणे दिसते. मग बेताचे आंबवणीचे पाणी, त्यानंतर चिंबवणीचे, आणि पुढे भरपूर. तेव्हा झाड फुलाने लदबदते. ताण दिला नाही तर बहार नीट येत नाही. पण चार-पाच वर्षांच्या आतल्या कलमावर शहाणा बागाईतदार बहार धरीत नाही. आलेले फूलही काढून टाकतो. ताण हाताबाहेर गेला तर फांद्या वाळतात, झाडात सल धरते. २०१२-१३ च्या दुष्काळात उभ्या बागा कशा वाळल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तो ताण कोणी मोजून दिलेला नव्हता.

आता घरचे सांगते. सांगताना जीभ जड होते, पण आपल्याच माणसांत बोलायचे नाही तर कोठे?

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना एका जोशीबुवांनी त्याच्या पत्रिकेत राजयोग आहे म्हणून सांगितले. पोरगा साहेब होणार हे मी त्या दिवसापासून धरून चालले. दूरच्या गावी वसतिगृहाच्या शाळेत त्याला घातला. त्याला जायचे नव्हते. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तो एकटाच एस.टी.ने परत आला आणि दारात उभा राहिला. म्हणाला, "आई, मला तिथं करमत नाही. मी बागेत पाणी धरीन, तू सांगशील ते करीन, पण मला इथं राहू दे." मी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लेकराला दोन घास तरी खाऊ दे." मी म्हटले, आज जेवू घातले तर उद्या पुन्हा पळून येईल. त्याच्या वडिलांबरोबर शेवटच्या गाडीने त्याला परत पाठवला. त्या रात्री मीही जेवले नाही. पण हे त्याला कधी कळले नाही.

तो शिकला. आज पुण्यास मोठ्या पगारावर आहे. लोक म्हणतात, बाईने मन घट्ट केले म्हणून पोर मार्गाला लागले. मीही वर्षानुवर्षे तसेच म्हणत आले.

या सुट्टीत तो नातवाला न्यायला आला, तेव्हा म्हणाला, "याला यंदा निवासी शाळेत घालतो. लाडावलाय. मला पाठवलं म्हणून मी माणूस झालो." नातवाने टॉवेलची गाठ सोडली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. रात्री माझ्या कुशीत शिरून हळूच विचारतो, "आजी, बाबा पण रडले होते का?"

खोटे बोलवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा अंगणात चहा पीत बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटले, "त्या दिवशी तुला उपाशी पाठवला, ते माझं चुकलं. शाळेत घातलं ते नाही चुकलं. पण दाराशी आलेल्या लेकराला आत घेतलं नाही, ते चुकलं." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं, तू विसरलीस." एवढेच. पंचवीस वर्षे ती सल त्याच्या मनात होती, आणि मी मात्र बहार पाहून खूश होते.

नातवाची शाळा तूर्त पुढे ढकलली आहे. दोन वर्षांनी त्यालाच विचारून ठरवायचे असे बापलेकांत ठरले. पण आजीने सूटही दिलेली नाही. उरलेले आठ दिवस रोज पहाटे उठून त्याने आजोबांबरोबर बागेत जायचे, आणि आल्यावर एक पाढा म्हणून दाखवायचा. पहिले दोन दिवस रडला. तिसऱ्या दिवशी मला उठवायला तोच आला.

आता शेवटचा मुद्दा. गोपाळ कशाने मोठा झाला? राजा झाला म्हणून नव्हे. राजे पुष्कळ होऊन गेले. आपल्याला जे उशिरा मिळाले ते त्याने दुसऱ्यांच्या मुलांना वेळेवर दिले, म्हणून तो मोठा. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या बडोदे संस्थानात नेले. त्यात मुलीही होत्या. १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. १९१३ साली त्यांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांच्याच संस्थेने पुढे १९५० साली आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढले. मराठवाड्यातल्या किती गरिबांची मुले तेथे शिकली! कवळाण्याच्या पोराने गिरवलेली मुळाक्षरे अशी फिरत फिरत आपल्या दारापर्यंत आली आहेत. आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी, महाराणी चिमणाबाई, यांनी १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. तेव्हा आपल्यासारख्या मंडळांशीही त्या घराचे नाते आहे.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपली ही खोली संध्याकाळी रिकामी असते. रोज दोन तास आळीतली मुले-मुली येथे अभ्यासाला बसवू. ज्याला ऊसतोडीमुळे शाळा सुटली, त्याला वय न विचारता मुळाक्षरांपासून घेऊ. एकट्या मुलाला बसायचा कंटाळा येतो, चार जणांत तो बसतो. आणि बरोबर आपणही पुस्तक घेऊन बसू. पोराला ताण जरूर द्यावा, पण आंबवणीचे पाणी हाताशी ठेवून. पत्रिकेतला राजयोग जोशीबुवांकडेच राहू द्या. संध्याकाळी लेकरू दाराशी आले तर त्याला आधी आत घ्या, जेवू घाला, आणि मग काय सांगायचे ते सांगा.

पहिल्या दिवशी कंदील नको, वीज आहे. सतरंजी मी आणते.