ईईजी करायचाय? आधी हे ऐका

कॉलेजात असताना मला दोनदा फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ईईजी लिहून दिला. आई रडायलाच लागली. तिला वाटलं, डोक्याला शॉक देणार!

तसं काही नसतं. मशीन मेंदूत करंट सोडत नाही, मेंदूतले अगदी बारीक विद्युत संकेत फक्त टिपतं. 1924 मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी काढला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

तयारी सोपी. आदल्या रात्री केस धुवा, तेल लावू नका. उपाशी जाऊ नका, पण चहा-कॉफी टाळा. रात्री कमी झोपायला सांगितलं असेल, तर गाडी स्वतः चालवू नका. तिथे डोक्याला पेस्टने वीसेक वायरी चिकटवतात, जोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर लाइट चमकवतात. दुखत नाही.

आता माझी चूक सांगतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी परस्पर गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी बाथरूममध्ये पडलो, कपाळाला सहा टाके! ईईजी म्हणजे तेवढ्याच वेळाचं रेकॉर्डिंग. मिरगी असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. म्हणून तुमची फिट ज्यांनी पाहिली, त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर दाखवा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी चुकवू नका, टेस्टच्या दिवशीसुद्धा!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.