विजेतेपद कोणाच्या नावावर?



कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने या व्यासपीठावर येऊन स्त्रियांच्या व्हॉलीबॉलवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपले नवल रास्त आहे. मी आयुष्यात धड एक सर्व्हिसदेखील जाळ्यापलीकडे टाकलेली नाही. पण ज्या देशाच्या व्हॉलीबॉलबद्दल मी आज बोलणार आहे, तिथे हा खेळ सूतगिरणीच्या आवारात मोठा झाला. तेव्हा विषय माझ्या घरचाच आहे.

तो देश जपान. आपला आणि त्या गिरण्यांचा धागा जुना आहे. १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजांची फेरी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तिला साथ दिली, आणि इकडचा कापूस तिकडच्या चात्यांवर जाऊ लागला. त्या चात्यांवर कोण होते? खेड्यापाड्यांतल्या कोवळ्या मुली. बापाने उचल घ्यायची आणि मुलीने ती फेडायची. उचल हा शब्द इथे कोणाला समजावून सांगायला नको. मुलींनी कंपनीच्या वसतिगृहात राहायचे, रात्रपाळी करायची, परवानगीशिवाय फाटकाबाहेर पडायचे नाही. होसोई वाकिझो नावाच्या गिरणी कामगाराने हे सारे स्वतः पाहिले आणि १९२५ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुस्तक निघाले त्याच वर्षी तो वारला. स्त्रियांची रात्रपाळी कायद्याने बंद व्हायला १९२९ साल उजाडले.

युद्ध संपले, संघटनेचा हक्क मिळाला, तरी वसतिगृहाच्या भिंती होत्या तशाच राहिल्या. १९५४ साली ओमी केन्शी या कंपनीतल्या कामगारांनी संप केला. त्यात तरुण मुलींचा भरणा मोठा होता. त्यांच्या मागण्या ऐका: आमची पत्रे फोडू नका, आम्हांला बाहेर जाऊ द्या, धार्मिक विधींची सक्ती करू नका, लग्न करण्याचे स्वातंत्र्य द्या. मंडळी, संपाच्या मागणीपत्रकात लग्नाचे स्वातंत्र्य! १०६ दिवस संप चालला आणि कामगारांनी तो जिंकला.

आता खेळाकडे वळू. याच सुमारास ओसाकाजवळच्या काइझुका गावी, दाइ निप्पॉन म्हणजेच निचिबो या सूतकंपनीच्या गिरणीत मुलींचा व्हॉलीबॉल संघ बांधला जात होता. प्रशिक्षक होते हिरोबुमी दाइमात्सू. १९४४ च्या इंफाळच्या मोहिमेत जपानी सैन्याची वाताहत झाली, तिच्यातून जिवंत परतलेला हा माणूस. त्यांचा दिनक्रम असा: मुलींनी सकाळी आठपासून दुपारपर्यंत कचेरीत काम करायचे आणि मग मध्यरात्रीपर्यंत सराव करायचा. जमिनीवर झेप घ्यायची, चेंडू उचलायचा आणि गोलांटी घेऊन त्याच वेगात पुन्हा उभे राहायचे, ही त्यांची खास विद्या. अंग काळेनिळे झाल्याशिवाय ती येत नाही.

फळ मिळाले. १९६२ साली मॉस्कोत, सोव्हिएत संघाच्या घरच्या मैदानावर, या मुली जगज्जेत्या झाल्या. आता पुरे, असे प्रशिक्षकांच्याही मनात होते आणि मुलींच्याही. पण १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा समावेश झाला आणि देशाने त्यांना सोडले नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मिळालेला हा पहिला सांघिक खेळ. बारा जणींच्या जपानी संघात दहा जणी एकट्या निचिबोच्या. २३ ऑक्टोबरला साखळीतल्या अखेरच्या सामन्यात त्यांनी सोव्हिएत संघाला १५-११, १५-८, १५-१३ असे सरळ तीन डावांत हरवले. टोकिओच्या परिसरात शंभरांतली सहासष्ट घरे तो सामना दूरचित्रवाणीवर पाहत होती. कर्णधार मासाए कासाई तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी पंतप्रधान सातो यांच्या मध्यस्थीने कासाईबाईंचे लग्न झाले. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या गिरणीतल्या मुलींना ज्यासाठी संप करावा लागला, ते इथे सुवर्णपदकानंतर, सरकारच्या हातून मिळाले!

निचिबोने ओळीने २५८ सामने जिंकले. ही मालिका १९६६ साली कॅमेरे बनवणाऱ्या याशिका कंपनीच्या संघाने तोडली. दुसऱ्या वर्षी, १९६७ मध्ये, राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. तिला जपान लीग म्हणत. तिच्या विजेत्यांची यादी वाचू लागलो की मला कारखान्यांची हजेरी घेतल्यासारखे वाटते. निचिबो १९६९ मध्ये दुसऱ्या कंपनीत मिसळून युनिटिका झाली. याशिका, युनिटिका आणि हिताची ही त्या काळची मोठी नावे. हिताचीने तर तब्बल अठरा विजेतेपदे मिळवली. तिचे प्रशिक्षक शिगेओ यामादा यांनीच १९७६ साली माँट्रिऑलला राष्ट्रीय संघाला, एकही डाव न गमावता, सुवर्णपदक मिळवून दिले.

यादीत कंपनीचे नाव आहे. झेप घेणारीचे नाव नाही. माझे म्हणणे इथून सुरू होते.

१९९४ साली स्पर्धेचे रूप बदलले आणि व्ही लीग आली. त्याच वर्षी हिताचीच्या काही खेळाडूंनी व्यावसायिक करार मागितला. म्हणजे काय मागितले? आम्ही कचेरीतल्या कारकून म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून ओळखल्या जाऊ. आमच्या श्रमाचा मोबदला त्या नात्याने ठरवा. मोतोको ओबायाशी आणि तोमोको योशिहारा या राष्ट्रीय संघातल्या दोघी त्यांत पुढे होत्या. दोघींना काढून टाकण्यात आले. त्या इटलीत जाऊन खेळल्या आणि पुढे मायदेशी दुसऱ्या संघांत परतल्या. मागणी करणाऱ्यांतल्या पुढच्या दोघींना वेचून काढायचे, ही रीत मालकवर्गात फार जुनी आहे.

पण एकच बाजू सांगणे मला शोभणार नाही. कंपनीच्या संघात एक आधार होता. गुडघा गेला, वय झाले, तरी नोकरी राहण्याची आशा होती. आपल्याकडेही रेल्वेच्या नोकरीने किती खेळाडू मुलींचे संसार उभे केले! निचिबोच्या मुली केवळ धाकाने खेळल्या, असेही मी म्हणणार नाही. जिंकण्याची जिद्द त्यांची स्वतःची होती. ती नाकारणे म्हणजे त्यांचा अपमान करणे होय.

मात्र तो आधार कंपनीच्या मर्जीवर टेकलेला होता. मंदी आली आणि मर्जी फिरली. २००० साली युनिटिकाचा संघ तोरे कंपनीकडे गेला. २००१ साली अठरा विजेतेपदांचा हिताचीचा तो संघ बरखास्त झाला. अठरा ढाली कपाटात राहिल्या, संघ राहिला नाही. गिरणी बंद झाली की चाळीतल्या माणसाला जे वाटते, ते त्या खेळाडूंना वाटले असेल, असे मी समजतो.

खेळ मात्र थांबला नाही. काइझुकाची परंपरा घेतलेल्या तोरेने २००८ पासून ओळीने तीन विजेतेपदे मिळवली. त्यानंतर हिसामित्सू, जेटी, एनईसी अशी नावे यादीत आली. २०२४ साली स्पर्धेची नवी घडी बसली, एसव्ही लीग. संघांच्या नावांत गावांची नावे आली. २०२४-२५ च्या पहिल्या स्पर्धेत स्त्रियांचे चौदा संघ होते. विजेतेपद ओसाका मार्व्हेलसने मिळवले. पूर्वीचा जेटीचा संघ तो हाच, पण आता नावात शहर आहे.

मला हा बदल आवडतो. कंपनीचे नाव मालक पुसू शकतो, गावाचे नाव पुसायला गावाला विचारावे लागते. पण पाटी बदलली म्हणजे मोबदला, दुखापतीची भरपाई आणि विश्रांती आपोआप मिळत नाही. ती लेखी करारात यावी लागते, आणि करार करताना खेळाडूंना एकजुटीने बोलता यावे लागते. ओमी केन्शीच्या मुलींनी १९५४ साली हेच शिकवले. काइझुकाच्या मुलींनी जगाला दाखवले की गिरणीतल्या हातांना काय साधते. हे दोन्ही धडे एकाच पिढीतल्या, एकाच धंद्यातल्या मुलींनी दिले. आपण पहिला विसरलो आणि दुसऱ्यालाच टाळ्या वाजवत बसलो.

आपल्या गावात उद्या मुलींचे सामने होतील. आपण जरूर जा, टाळ्या वाजवा. मात्र सामना संपल्यावर चिटणिसांना एक विचारा: मुलगी पडली, तर दवाखान्याचा खर्च कोण देणार? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.