किल्ली कमरेलाच हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय बिटकॉइनची किल्ली असा आहे म्हटल्यावर काही जणी हसल्या. ज्यांच्या मुलांनी हे नाणे घेतले आहे, त्या मात्र हसल्या नाहीत.

पासबुक हरवले तरी बँक आपल्याला ओळखते. स्वतःच्या ताब्यात ठेवलेल्या बिटकॉइनला मॅनेजर नाही की सही पडताळणारा कारकून नाही. असते ती एक गुप्त किल्ली. बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांत ती लिहून ठेवतात. ते शब्द ज्याच्या हाती, धन त्याचे. आणि एकदा गेलेले नाणे परत फिरवता येत नाही.

मग किल्ली एखाद्या जाणत्याकडे सोपवावी काय? पुण्याची हकीकत ऐका. दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या बिटकॉइन योजनेत हजारो लोक अडकले. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुख आरोपीला पकडले आणि तपासाच्या मदतीला दोन तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२ मध्ये त्या तज्ज्ञांनाच अटक झाली. आरोपींची नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली, असा आरोप होता. न्याय कोर्ट करील. आपण बोध घ्यावा, की किल्ली दिली म्हणजे धन दिले.

आजचा चोर कुलूप फोडीत नाही, गोड बोलून किल्ली मागतो. “खाते बंद पडेल, ते शब्द येथे भरा,” असा निरोप येतो. भगिनींनो, खरा मदतनीस ते शब्द कधीच मागत नाही. मागतो तो चोर!

शब्दांचा फोटो काढू नये, व्हॉट्सॲपवर मुलीलाही पाठवू नयेत. कागदावर लिहून दोन निरनिराळ्या जागी जपावेत. त्या जागा घरातल्या एकाच पारखलेल्या माणसाला सांगाव्यात. नाहीतर धनी गेला की धनही गेले.

शब्द चुकून कोणाला कळलेच, तर उरलेली नाणी ताबडतोब नव्या किल्लीखाली हलवावीत. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नये. १९३० क्रमांकावर लगेच फोन करावा आणि आलेले निरोप पुसू नयेत.

पनवेलच्या जुन्या घरांतून आपल्या आजेसासवा किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून वावरत. तोच रिवाज येथे हवा. आज घरी गेल्यावर मुलांना एवढेच विचारा, “ते शब्द कुठे ठेवलेस?” उत्तर “मोबाईलमध्ये” असे आले, तर जेवणे होण्यापूर्वी कागद-पेन हाती द्या.